आधी दगड बघ

सलूनमध्ये आलेलं गिऱ्हाईक आरशात स्वतःकडे बघतं, फार तर वस्तऱ्याकडे बघतं. आरशाखालच्या फळीवर ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या दगडाकडे कुणी बघत नाही. मीसुद्धा कामाची पहिली बारा वर्षं त्याच्याकडे नीट बघितलं नव्हतं. रोज त्याच्यावर वस्तरा फिरवत होतो, पण लक्ष सगळं पात्याकडे. धार आली का, मनगटावरचा केस तुटतो का, एवढंच. ज्याच्यावर धार येते तो दगड स्वतः कसा आहे, हा प्रश्न मला पडला तो एका सात महिन्यांच्या बाळाच्या टाळूवर रक्ताचा थेंब आला तेव्हा.

तो 1993 सालचा चैत्र. आमच्या डहाणू तालुक्यात विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा हनुमान जयंतीला सुरू होते आणि पंधरा दिवस चालते. वारली, कोकणा, मांगेला, भंडारी, शिवाय गुजरातच्या बाजूनं आलेली माणसं, हायवेला नुसता लोंढा असतो. वडील आणि मी एका झाडाखाली दोन खुर्च्या टाकायचो. नवसाची जावळं, पोरांचे गोटे, म्हाताऱ्यांच्या दाढ्या, उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत हात थांबायचा नाही. जावळ वडील करायचे. त्या दिवशी त्यांच्यापुढे रांग मोठी होती, म्हणून एक बाळ माझ्याकडे आलं.

बाळाची कातडी म्हणजे सायीसारखी. वस्तरा तिथे फिरवायचा नसतो, नुसता वाहू द्यायचा असतो. माझा वस्तरा अडखळला. टाचेकडच्या भागानं केस छान निघत होते, टोकही चालत होतं, पण मधला भाग ओढत होता. मी नकळत थोडा दाब दिला आणि थेंब उमटला. बाळाच्या आजीनं कपाळाला लावायचा अंगारा तिथे लावला आणि "देवीनं घेतलं" म्हणून विषय संपवला. आई मात्र माझ्याकडे बघत राहिली. ती नजर मी विसरलेलो नाही.

रात्री खुर्च्या आवरताना मी वडिलांना म्हटलं, "बाबा, वस्तरा गेला, आता बदलायला पाहिजे." वस्तरा त्यांनी हातातही घेतला नाही. फडक्यातून दगड काढला, धुतला, पुसला आणि पेट्रोमॅक्सपुढे आडवा धरून त्याच्यावर स्टीलची पट्टी उभी टेकवली. पट्टी दोन्ही कडांना टेकली. मध्ये पट्टीखालून उजेड येत होता.

"आधी दगड बघ," एवढंच म्हणाले, आणि दगड परत माझ्या हातात दिला.

त्या उजेडात मला काय दिसलं ते नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. चाकूला धार लावताना कोन आपण हातानं धरतो. वस्तऱ्याचं तसं नाही. वस्तऱ्याची जाड पाठ आणि पातळ धार, दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकतात. कोन पाठ ठरवते. हाताला काही ठरवावं लागत नाही, आणि म्हणूनच दगड वाकडा असला तर हाताला काही सुधारताही येत नाही. दगड मध्ये खोल गेला की वस्तरा दोन कडांवर पुलासारखा बसतो. टाच घासली जाते, टोक घासलं जातं, मधली धार कोरडी राहते. माझा दगड रुंदीत असा खोल गेला होता. वस्तरा तसाच होता जसा दगडानं केला होता. मी अकरा महिने वस्तऱ्याला दोष देत होतो आणि मध्ये धार येईना म्हणून आणखी दाबून घासत होतो. दाबलं की दगड आणखी झिजतो. पोलादापेक्षा दगड कठीण असं आपण धरून चालतो. त्याचा कण कठीण असतो, पण कण धरून ठेवणारा दगड झिजतोच. झिजतो म्हणून तर नवे कण वर येतात आणि तो काम करतो. न झिजणारा दगड थोड्या दिवसांत गुळगुळीत होऊन मरतो. झिजणं हा त्याचा दोष नाही, झीज सारखी न होणं ही आमची चूक.

वडिलांची धोकटी मोठी सुबक होती. आत चार वस्तरे, दोन जर्मनीतल्या सोलिंगेनचे, एक शेफिल्डचा, एक कुठला ते आम्हालाही माहीत नव्हतं, कारण घासून घासून त्याच्यावरचं नाव गेलं होतं. एक कैची, वाटी, तुरटी, नखं काढायची नराणी, चामड्याचा पट्टा आणि दोन दगड. एक काळपट, भरड. दुसरा पिवळसर, लोण्याच्या रंगाचा, खाली निळसर-करड्या पाटीला चिकटलेला. वडील त्याला 'लोण्या' म्हणायचे. घोलवड-बोर्डीकडे चिकूच्या वाड्या आहेत, पारशी-इराणी मंडळींच्या. वडील सायकलनं तिकडे दाढ्या करायला जायचे. एका वाडीवाल्या म्हाताऱ्या शेटनं तो दगड त्यांना दिला होता. गुजराती गिऱ्हाइकं वस्तऱ्याला 'अस्त्रो' म्हणत, आणि शेट दगड देताना म्हणाला होता की अस्त्रो मेला तर दुसरा मिळेल, हा मिळणार नाही. तो दगड बेल्जियमच्या आर्देन डोंगराळ भागातला, त्यात गार्नेटचे अतिबारीक कण असतात आणि तेच पोलाद कापतात, हे मला वडील गेल्यावर कितीतरी वर्षांनी कळलं. वडिलांना देशाचं नाव माहीत नव्हतं. दगड माहीत होता.

यात्रेनंतर मी ठरवलं की दगड सपाट करायचा. कसा करायचा हे वडिलांना विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण त्या थेंबाची लाज वाटत होती. घरामागे विहिरीजवळ कपडे धुवायचा मोठा दगड होता. त्याच्यावर समुद्राची वाळू पसरली, पाणी ओतलं आणि माझा दगड घासायला बसलो. तासाभरात खळगा गेला. पट्टी टेकवली तर मध्ये उजेड नाही. मी खूश.

महिनाभरात सोलिंगेनच्या एका वस्तऱ्याच्या धारेत मधोमध खळगा पडला. पातं डोळ्यासमोर आडवं धरलं की धार सरळ दिसायला हवी, ती आत वळलेली दिसू लागली. असा वस्तरा गालावर टेकतच नाही, दोन टोकांवर चालतो आणि दोन्हीकडून ओरखडतो. मी चक्रावलो. पट्टी पुन्हा टेकवली. या वेळी उजेड मध्ये नव्हता, दोन्ही कडांना होता. पट्टी मध्यावर डुलत होती. पहिल्या दिवशी मी फक्त मध्ये बघितलं होतं. दगडाला आता पोट आलं होतं.

याचं कारण मला सांगितलं ते वरोरच्या एका डाय कोरणाऱ्यानं. आमच्या किनाऱ्यावर, चिंचणी-वरोरच्या बाजूला, सोनाराच्या दागिन्यांचे डाय बनवायचा धंदा घराघरात चालतो. पोलादाच्या ठोकळ्यात नक्षी उलटी कोरायची, त्यात सोन्याचा पत्रा ठोकला की दागिन्याचा आकार उठतो. केसाएवढ्या रेषेत काम करणारी माणसं. तो दाढीला यायचा. मी वस्तरा दाखवला तर तोही वडिलांसारखाच, वस्तऱ्याकडे बघितल्यासारखं करून म्हणाला, "कशावर घासलास दगड?"

मी विहिरीच्या दगडाचं सांगितलं. तो म्हणाला, "तू एकाच जागी घासलंस. खालचा दगड मध्ये खोल गेला आणि वरच्याला पोट आलं. दोघं एकमेकांत घट्ट बसतात म्हणून तुला वाटलं सपाट झाले."

मग त्यानं जे सांगितलं ते ऐकून मला त्या रात्री झोप आली नाही. दोन दगड एकमेकांवर कितीही घासा, ते सपाट होतील याची खात्री नाही. एक खोल जाईल, दुसरा फुगेल, आणि जोडी मात्र अशी बसेल की मध्ये कागद सरकणार नाही. खोटं पकडायला तिसरा दगड लागतो. पहिला दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर, तिसरा पहिल्यावर, असं आळीपाळीनं घासत राहायचं. पोटवाले दोन समोरासमोर आले की ते बसूच शकत नाहीत, डुलतात. तिन्ही दगड एकमेकांवर बसू लागले की तिन्ही सपाटच असतात, दुसरा मार्गच उरत नाही. पुढे एका आयटीआयच्या शिक्षकांकडून कळलं की जोसेफ व्हिटवर्थ नावाच्या इंग्रज यंत्रकारानं 1840 साली ग्लासगोच्या विद्वानांच्या सभेत सपाट पृष्ठभाग करायची हीच रीत मांडली होती आणि कारखान्यांतली अचूक मापं त्यावर उभी राहिली. वरोरच्या माणसाला ती मामानं शिकवली होती.

मी तीन भरड दगड घेतले आणि पावसाळ्यातले चार दिवस दुकानाच्या ओट्यावर घासत बसलो. पहिल्या दिवशी काहीच जमेना. दुसऱ्या दिवशी एक गोष्ट समजली: हात पुढे-मागे सरळ चालवला की दगडाची टोकं जास्त झिजतात, कारण हात पुढे गेला की भार पुढच्या टोकावर जातो. तेव्हापासून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवतो आणि दर वीस फेऱ्यांनी दगड उलट दिशेला वळवून धरतो. आज वयाच्या साठीनंतरही हात आपोआप वीस मोजतो.

पेन्सिलचा उपयोगही त्या डायवाल्यानंच शिकवला. सपाट करायच्या आधी दगड कोरडा करून साध्या पेन्सिलीनं उभ्या-आडव्या रेषा मारायच्या, शाळेच्या गणिताच्या वहीसारख्या. मग घासायचं. जिथे रेषा पुसल्या तिथे दगड उंच होता, जिथे राहिल्या तिथे खोल. शेवटची रेष पुसली की थांबायचं नाही, पुन्हा सगळ्या मारायच्या आणि पुन्हा घासायचं. दुसऱ्या खेपेला सगळ्या रेषा एकदम, सारख्या फिक्या होत गेल्या तरच दगड सपाट. एका खेपेवर विश्वास ठेवून मी दोनदा फसलो आहे.

पुढे पुढे तीन दगडांचा खटाटोप फक्त मोठ्या दुरुस्तीला ठेवला. रोजच्यासाठी काचवाल्याकडून जाड काचेचा तुकडा कापून आणला. पातळ काच घेऊ नये, हाताच्या दाबानं ती वाकते. काचेवर पाणी मारून 220 नंबरचा वॉटर पेपर चिकटवायचा, रंगारी वापरतात तोच, आणि त्यावर दगड घासायचा. नंतर 400. बारीक दगडाला कधीही मोकळी भरड पूड लावू नये. तिचा एखादा कण दगडात रुतून बसतो आणि आठ दिवसांनी वस्तऱ्याच्या धारेत दात पाडतो. सपाट झाल्यावर दगडाच्या चारही कडा हलक्या हातानं मारायच्या, नाहीतर धारदार कडेचा टवका उडतो आणि तोच टवका पात्याखाली येतो. शेवटी धुवायचं. मी दगड एका बादलीत धुतो, दुसऱ्या बादलीत धुतो आणि मग नळाखाली धरतो. दुकानात काम शिकायला आलेली पोरं याला कंटाळायची. एकानं एकदा धुणं टाळलं, आणि त्याच दिवशी त्यानं शेफिल्डचा वस्तरा आरीसारखा करून ठेवला. मी रागावलो नाही. भिंगातून दाखवलं. घड्याळवाल्याचं दहापटीचं भिंग मी तेव्हापासून दुकानात ठेवतो. धारेवरचे ओरखडे ओळीनं, एका अंतरानं उमटलेले दिसले तेव्हा पोरगा स्वतःच बादली भरायला उठला.

पाणी आणि तेल यांवरून आमच्या घरात वाद होता. वडील भरड दगडावर खोबरेल घालायचे, कारण घरात तेच असायचं. उन्हाळ्यात ते चालतं. थंडीत डहाणूलाही पहाटे पारा उतरला की खोबरेल गोठतं, दगडाच्या छिद्रांत बसतं, पोलादाचा काळा चिखल त्यात मिसळतो आणि दगडाचा जीव गुदमरतो. वस्तरा त्यावर घसरतो, कापत नाही. असा दगड मी रॉकेलमध्ये दोन दिवस ठेवून, ब्रशनं घासून, सोड्याच्या कोमट पाण्यात धुऊन परत आणला. तेलकट दगडावर शिलाई मशिनचं पातळ तेल चालतं. पण एकदा तेल पाजलेला दगड पाण्याचा होत नाही, तेव्हा काय घालायचं ते पहिल्याच दिवशी ठरवावं.

पाण्याच्या दगडांचं वेगळं. भरड दगड पाण्यात टाकला की बुडबुडे येतात, ते थांबेपर्यंत ठेवायचा. बारीक दगडाला नुसतं वरून पाणी. मी एक महागडा बारीक दगड हौसेनं रात्रभर बादलीत ठेवला आणि सकाळी कडक उन्हात वाळत घातला. दुपारी त्याच्या पोटातून कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा गेल्या. दोन महिन्यांची बचत होती ती. दगड सावलीत, वाऱ्यावर, उभा ठेवून वाळवावा. आणि समुद्राकाठच्या पावसाळ्यात वस्तरा पुसून त्याला तेलाचं बोट लावल्याशिवाय मिटू नये. खाऱ्या हवेचा गंज आधी धारेलाच लागतो, कारण तिथेच पोलाद सगळ्यात पातळ.

नव्वदच्या दशकात आमचं हे काम जवळजवळ संपलं. एड्सची भीती गावोगाव पोचली. दवाखान्याची माणसं येऊन सांगून गेली की प्रत्येक गिऱ्हाइकाला नवं पातं पाहिजे. ते बरोबरच होतं. आम्ही वस्तरा गरम पाण्यात, डेटॉलमध्ये बुडवत होतो आणि त्यालाच स्वच्छता समजत होतो. ब्लेड मधोमध मोडून अर्ध्या पात्यावर चालणारा वस्तरा आला आणि धोकटीतले दगड फडक्यातच राहू लागले. वडिलांनी एकदाही कुरकुर केली नाही. फक्त ब्लेडचं पातं पहिल्यांदा हातात घेतल्यावर दगडाकडे हात गेला आणि परत आला, ते मी बघितलं. 1997 साली ते गेले.

मी त्याच्या आदल्या वर्षी तलासरीला नाक्यावर स्वतःची खुर्ची टाकली होती. दाढीला ब्लेड, पण दगड मी सोडले नाहीत. शिंप्यांच्या कैच्या, ताडी काढणाऱ्यांचे सुरे, कुणाचा कोयता, सगळ्याला धार लावून द्यायचो. तिथे एक म्हातारा वारली बाबा यायचा. तो ओहोळातून उचललेल्या सपाट गोट्यावर स्वतःच कोयता घासायचा. दर चार हातांनी गोटा मुठीत फिरवायचा, कधी या कडेला, कधी त्या. मी विचारलं, "बाबा, असं का?" तो म्हणाला, "सगला खायला पायजे ना. एकच बाजू खाल्ली त मग तो फेकायला लागल." डायवाला, व्हिटवर्थ आणि हा म्हातारा तिघं मला एकच सांगत होते. पण म्हाताऱ्याची रीत आधीची होती. दगड बिघडल्यावर सपाट करण्यापेक्षा तो बिघडणारच नाही असा वापरायचा. त्यानंतर मी वस्तरा दगडावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरका नेऊ लागलो आणि रोज दगडाचं तोंड बदलू लागलो. पूर्वी आठवड्याला सपाट करावे लागणारे दगड महिना-दीड महिना टिकू लागले.

नोव्हेंबर 2018पासून आमच्या डहाणू-तलासरीला भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीच्या आसपास तर लोक घरात झोपेनात, थंडीत तंबूत राहू लागले. 1 फेब्रुवारी 2019ला 4.1चा धक्का बसला. घाबरून पळताना एक लहान मुलगी गेली त्या दिवशी. त्यापुढे दगडाचं काय घेऊन बसायचं, पण दुकानात आलो तर माझा सगळ्यात बारीक दगड फळीवरून पडून तीन तुकडे झाला होता. दोन मोठे तुकडे मी काचेवर घासून पुन्हा सपाट केले, ते आजही कामाला आहेत. तिसरा लाडवाएवढा होता. तो आता दगडाच्या तोंडावर फिरवायला वापरतो. त्यानं वरचा काळा थर निघतो, नवा चिखल तयार होतो आणि वस्तरा त्या चिखलावर लोण्यासारखा चालतो. दगड मी तेव्हापासून फळीवर ठेवत नाही, खाली लाकडी खोक्यात ठेवतो.

2013च्या एप्रिलपासून चर्चगेटची लोकल डहाणूपर्यंत येते. त्या लोकलनं हळूहळू एक नवं गिऱ्हाईक येऊ लागलं. वसई-विरारकडची तरुण पोरं, आजोबांचा वस्तरा कपाटात सापडलेला, स्वतःची दाढी त्यानं करायची हौस. वस्तरा कागदात गुंडाळून आणतात. मी त्यांना विचारतो, दगड आणलाय का? बहुतेकांनी आणलेला नसतो. एकानं आणला होता, परदेशी, आठ हजार नंबरचा, आणि सोबत सपाट करायला हिऱ्याच्या कणांची स्वस्तातली पत्री. वर्षभर धार येत नाही म्हणून बेजार होता. पत्रीवर पट्टी टेकवली तर पत्रीच वाकडी. वर तिचे कण सुटून दगडात रुतलेले. त्याचा सगळा वेळ, सगळा पैसा एका वाकड्या पत्रीनं खाल्ला होता. आम्ही दोघं संध्याकाळच्या गाडीपर्यंत काचेवर त्याचा दगड घासत बसलो. मी पैसे घेतले नाहीत. त्याच्या जागी मी 1993 साली विहिरीपाशी बसलो होतो.

आता वडिलांच्या दगडाबद्दल.

लोण्या त्यांच्या पश्चात माझ्याकडे आला तो खोल गेलेला. आणि विचित्र तऱ्हेनं खोल गेलेला. आडवा ठेवला तर डावीकडचा दोन-तृतीयांश भाग वाटीसारखा आणि उजवीकडचा एक-तृतीयांश उंच, जवळजवळ न वापरलेला. मला त्याचं वाईट वाटायचं. ज्या माणसानं मला आधी दगड बघायला सांगितलं, त्याचाच दगड असा. मी स्वतःची समजूत घातली होती की म्हातारपणी हात तेवढाच फिरत असेल, सवय लागली असेल. तो दगड मी तेवीस वर्षं सपाट केला नाही. मायेमुळे नाही, भीतीमुळे. वरचा पिवळा थर जेमतेम पाच मिलिमीटरचा. खाली निळी पाटी. सपाट करायचं म्हणजे उंच बाजूचा मिलिमीटरभर तरी पिवळा थर कायमचा घालवायचा. चूक झाली तर तो परत येत नाही.

मार्च 2020मध्ये दुकानं बंद झाली. 28 जूनला सलून उघडायला परवानगी मिळाली, पण केस कापण्यापुरती. दाढी नाही. त्या रिकाम्या दिवसांत मी सगळे दगड सपाट केले, आणि शेवटी जुलैमध्ये लोण्या काढला. रेषा मारल्या. वॉटर पेपर नवा घेतला. दर दहा फेऱ्यांनी थांबून पट्टी टेकवत होतो. तीन दिवस लागले. पाणी दुधासारखं पिवळट व्हायचं आणि ते ओतून देताना हात जड व्हायचा. तिसऱ्या दिवशी रेषा सारख्या फिक्या झाल्या. ओला दगड हातात घेतला तर त्याचा रंग मी लहानपणी बघितला होता तसा होता.

पिढीजात वस्तरा घेतला, नाव पुसलेला, आणि पूर्ण दगडावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फिरवला. धार आली, पण गालावर बारीक चरचर. पुन्हा केलं, पुन्हा तेच. भिंगातून बघितलं तर धारेवर एकेक एकटा, खोल ओरखडा. चिखलातला कण म्हणावा तर तीनदा धुतला होता. वॉटर पेपरचा कण म्हणावा तर ओरखडा दर वेळी पात्याच्या त्याच भागात.

मग दगड ओला करून खिडकीशी, तिरक्या उन्हात धरला. उजव्या बाजूला, कडेपासून साधारण दोन बोटांवर, पिवळ्यातून पिवळीच पण किंचित चमकणारी रेष गेली होती. केसाएवढी. बायकोची शिवणाची सुई घेतली आणि हलक्या हातानं दगडावरून ओढली. सगळीकडे ती मऊ सरकली. त्या रेषेवर टकटक करून अडली. गारेची शीर होती. पोलादाला खाणारी, दगडात जन्मापासून बसलेली.

रेष बरोबर तिथे होती जिथे वडिलांची वाटी संपत होती.

मी बराच वेळ तसाच बसून राहिलो. चाळीस वर्षं ते रोज त्या रेषेच्या अलीकडे थांबत होते. चिखलानं आणि मळानं ती रेष झाकलेली असताना, भिंग नसताना, फक्त बोटाला जाणवलेल्या अडखळण्यावरून. आणि मी त्याला म्हातारपणाची सवय म्हटलं होतं. मला का सांगितलं नाही, हा प्रश्न मनात आला. पण मी त्यांना कधी तो दगड तसा का आहे हे विचारलंच नव्हतं. विहिरीवर वाळू पसरताना विचारलं नाही, तसंच.

दगडाच्या बाजूच्या निळ्या पाटीवर मी खिळ्यानं एक खूण केली आहे, रेषेच्या थोडी अलीकडे. आता दुकान माझा पुतण्या चालवतो, आणि लोकलनं आलेल्या वस्तऱ्यांना धार लावायला शिकतो. परवा त्यानं विचारलं, "काका, एवढा मोठा दगड, मग खुणेपर्यंतच का वापरायचा? एका बाजूला खळगा पडणार ना?"

मी गल्ल्यातून सुई काढून त्याच्या हातात दिली आणि दगड त्याच्यापुढे ठेवला. त्यानं ती डावीकडून ओढत नेली, खुणेपाशी आली, पुढे गेली. हात थांबला. मग त्यानं सुई मागे घेतली आणि पुन्हा एकदा, अगदी सावकाश, त्याच जागेवरून नेली.